आबांचे उलटे वार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज का सांगते आहे? गावडे सिस्टर निवृत्त झाल्या म्हणून — की नुसतं राहवत नाही म्हणून, मलाही नीट ठाऊक नाही.

कुडाळच्या एका लहान हॉस्पिटलात मी नवी डॉक्टर होते. गावडे सिस्टर तिथे मुरलेल्या. म्हाताऱ्या पेशंटचं लक्ष थाऱ्यावर आहे का हे बघायला आम्ही त्यांना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगायचो. मी घड्याळाकडे बघत विचारायचे. सिस्टर पलंगाशी स्टूल ओढून बसायच्या. "सावकाश सांगा, आबा. माका घाई नाय." आणि खरंच नसायची — अख्खा वॉर्ड हाका मारत असला तरी. असं ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

कट्टा गावचे एक आबा होते, खुब्याचं ऑपरेशन झालेले. सकाळी त्यांची मुलगी मला म्हणाली, "बाबा कालपासून वेगळेच वाटतत." झोप झाली नसेल, मी म्हणाले. आबा गप्प पडून होते. गप्प माणूस ठीकच असणार, नाही का? मी त्यांना काही विचारलं नाही — आणि कागदावर लिहिलं, वार उलटे बरोबर सांगितले.

दुपारी सिस्टरांनी विचारलं. आबा शनिवार, शुक्रवार म्हणाले आणि अडले. मग, "बुधवार... बाजार... माका जावचा आसा," म्हणत चादर चिवडत राहिले. सिस्टर माझ्याकडे आल्या. "डॉक्टर, सकाळी नीट सांगितले होते ना?"

तेव्हा बोलता आलं असतं.

"हो," मी म्हणाले. "सगळे."

आबांच्या पोटावर हात ठेवून लघवी तुंबल्याचं सिस्टरांनीच ओळखलं. नळी घातली, जंतुसंसर्ग निघाला, औषधं सुरू झाली. चार दिवसांनी आबांनी सातही वार न अडखळता म्हटले. पण त्याच दुपारी मुलगी पुन्हा 'कालपासून' म्हणाली होती, तेव्हा सिस्टरांनी तिला माझा कागद दाखवला — सकाळी बरे होते, डॉक्टरांनी तपासलंय. ती ओशाळली. माझंच चुकलं, म्हणाली. मी शेजारीच उभी होते.

सिस्टरांच्या निरोप समारंभात मी हाच प्रसंग सांगितला, त्यांचं कौतुक म्हणून. सगळा खरा — तेवढी सकाळ सोडून. त्या उठून म्हणाल्या, "डॉक्टरांनी सकाळी विचारलं होतं, म्हणून मला फरक कळला." टाळ्या पडल्या. मी हसले, आणि सिस्टरांनी मला जवळ घेतलं.