आफ्रिकेला वळसा

मुलाचा मेसेज सकाळी आला : ‘बाबा, लाल समुद्रातून जात नाही. आफ्रिकेला सर्कमनॅव्हिगेट करणार. दोन आठवडे जास्त लागतील. मधे नेटवर्क नसेल.’ त्यानंतर फोन बंद.

तो मालवाहू जहाजावर इंजिनियर. नुकताच मुंबईहून रॉटरडॅमला निघालेला. आमच्या बालाघाटात समुद्र एरवी कुणाच्या गावीही नसतो, पण त्या दिवसांत टीव्हीवर सारखा लाल समुद्र आणि जहाजांवर पडणारी क्षेपणास्त्रं. मी जवळच्या बिरसा गावातल्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण ‘सर्कमनॅव्हिगेट’ हा शब्द फळ्यावर लिहायची वेळ कधी आली नव्हती.

बायको डोक्यावर उभी. “काय म्हनते तो? नीट सांगा नं!”

“पाहू तर दे!” मी खेकसलो. भीती वाटली की मला आधी राग येतो.

जाडा शब्दकोश काढला. मूळ लॅटिन. ‘सर्कम’ म्हणजे भोवती. ‘नाविस’ म्हणजे जहाज, आपल्या नौकेची सख्खी चुलत बहीण. ‘आगेरे’ म्हणजे हाकणं. भोवतीनं जहाज हाकत नेणं.

“म्हंजे नर्मदामायच्या परिक्रमेसारखं?” तिनं विचारलं. “मधून ओलांडाचं नाई, काठाकाठानं जाचं?”

“हौ, तसंच.”

“मंग काही नाई होत. परिक्रमावाल्याले मायच सांभाळते.”

देवापुढे दिवा लावून ती स्वयंपाकाला लागली. मला तिचा हेवा वाटला. मी टीव्हीसमोरून हललो नाही. पेटलेलं जहाज दाखवलं की डोळे फाडून त्याचं नाव वाचायचो, आणि आपलं पोर तिथं नाहीच, पार खाली दक्षिणेला आहे, असं मनाला बजावायचो.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. “बाबा, रॉटरडॅमले पोचलो.”

बायकोनं उष्टे हात तसेच जोडले आणि रडायला लागली. मी हसलो, आणि मग बोटांवर दिवस मोजले. तीन आठवडे तर जवळच्या, लाल समुद्राच्या रस्त्यानंच लागतात; त्यानं सांगितलेले जास्तीचे दोन अजून सुरूही झाले नव्हते. आफ्रिकेला वळसा घालून इतक्या लवकर कुणी पोचत नाही.

“कोन्या रस्त्यानं गेलता रे?” मी विचारलं.



“बाबा, आई जवळच आहे का?”

“हौ.”

“मंग लांबूनच आलो.”