आमच्या कोर्टावरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण

यवतमाळातून लोहाऱ्याकडे जाताना एका शाळेच्या मागे बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान आहे. रविवारी सकाळी आम्ही तिथे खेळतो. ‘खेळतो’ हा शब्द माझ्या बाबतीत जरा मोठाच आहे. माझी पन्नाशी उलटली. सरकारी मोजणी खात्यात शेतं मोजत बांधाबांधानं हिंडण्यात माझी नोकरीची वर्षं गेली आणि उजवा गुडघाही त्याच कामी आला. पण एकेकाळी मी जिल्ह्याच्या संघातून खेळलेली आहे, म्हणून मला दहा-पंधरा मिनिटं घेतात आणि माझ्या अंगावर कोणी फार धावून येत नाही.

सात वाजता खेळ संपतो. मग पायरीवर बसून चहा आणि भांडण. गेल्या दिवाळीनंतरचं भांडण सुरू केलं आमच्या कोचनं. हा तिशीतला मुलगा शाळेतल्या पोरांना शिकवतो आणि त्याचा जीव मोबाइलवरच्या अमेरिकन सामन्यांत अडकलेला असतो. त्या दिवशी त्यानं मोबाइल गुरुजींच्या नाकासमोर धरला.

“गुरुजी, हे पाहा. अर्ध्या मैदानातून टाकून राह्यला. असा खेळाडू आजवर झाला नाई अन् होनार बी नाई.”

गुरुजी म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. “आमच्या टायमाले इतक्या लांबून टाकलं असतं तं संघातून हाकलला असता. तीन गुणाची रेघच नव्हती. लांबून टाका नाई तं खालून टाका, दोनच भेटत. मंग कायले टाकन कोनी लांबून?”

“म्हनजे जुने लोक चांगले होते असं म्हनता?”

“मी कायीच नाई म्हनत. फक्त दोन वेगळ्या हिशेबाचे मानसं एका रांगेत उभे करू नको म्हनतो.”

अमेरिकेतल्या त्या माणसांना आमच्यातल्या कोणीच प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते भांडण दुसऱ्या रविवारपर्यंत विझायला आलं. तेव्हा गुरुजींनीच त्यात काडी टाकली. म्हणाले, “आपन आपल्या याच मैदानाचं बोलू. इथं खेळलेला सगळ्यात मोठा खेळाडू कोन? माह्यासाठी तं हे बसले.”

आणि त्यांनी पायरीच्या टोकाला बसलेल्या मिस्त्रीकाकांकडे बोट केलं.

काका चहात बिस्किट बुडवत होते. पंचाहत्तरीला टेकलेले, सडसडीत, उभे राहिले की अजूनही सगळ्यांत उंच. आयुष्यभर बस आगाराच्या वर्कशॉपात मिस्त्री होते. तरुणपणी या मैदानावर त्यांच्यासारखं कोणी नव्हतं, असं ज्यांनी पाहिलं ते सगळे सांगतात. गुरुजींनी शाळकरी वयात कंपाउंडच्या भिंतीवर बसून त्यांचा खेळ पाहिला होता, आणि माझ्या मते ते अजून त्या भिंतीवरून खाली उतरलेले नाहीत.

“मले कायले मधात घेता?” काका म्हणाले. बिस्किट तेवढ्यात चहात पडलं.

“काकाबद्दल मले आदरच आहे,” कोच म्हणाला, “पन माही ही पोरगी त्याहिले हरवन.”

ती पोरगी आमच्यासमोरच बुटाच्या नाड्या सोडत होती. झरीकडच्या एका कोलाम पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची. कॉलेजसाठी इथे होस्टेलला राहते, कोचकडे शिकते, राज्याच्या संघात खेळून आली आहे. मान खाली घालून ती नाडीची गाठ सोडवायला लागली. ती गाठ कधीच सुटली होती.

त्यानंतर तीन-चार रविवार आम्ही दुसरं काही बोललो नाही. गुरुजींचं म्हणणं असं, की माणूस त्याच्या काळातल्या माणसांच्या किती पुढे होता, ते पाहायचं. काका सगळ्यांच्या मैलभर पुढे होते. कोच म्हणायचा, पुढे असतीलच, पण होते किती जण? तेव्हा गावात तीन संघ. आज गल्लीगल्लीत पोरं खेळतात. शंभरांत पहिलं येणं निराळं, तिसांत निराळं.

हे ऐकून मला माझाच काळ आठवला आणि हसू आलं. आमच्या वेळी यवतमाळात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली किती, तर पाच. मोजून पाच, बदली खेळाडू नाही. कोणाला ताप आला तर बाकीच्या चौघी तिच्या घरी औषध घेऊन जायच्या, कारण ती उठली नाही तर सामना नाही. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आमच्यातली सगळ्यात चांगली खेळाडू. डाव्या हातानं अशी फसवायची की समोरची पोरगी चेंडू सोडून तिच्या सावलीमागे धावायची. तिचं लग्न ठरलं, तिला हळद लागली आणि आमचा संघ संपला. मांडवात आम्ही चौघी रडत होतो. बायका कौतुकानं म्हणत होत्या, किती जीव आहे पोरींचा. जीव होताच, पण निम्मं रडू जिल्हा स्पर्धेचं होतं.

“मग ती पाचांत पहिली,” मी म्हणाले, “तिला तुमच्या यादीत कुठं बसवणार?”

मग गुरुजी म्हणाले, “ताई, तुम्ही मोजनीवाल्या. तुम्हीच सांगा, मोजाचं कसं?”

मी नोकरीत सवयीनं जे करते तेच सांगितलं. मोजणीला गेलं की आधी न हललेली खूण शोधायची, जुना दगड, विहीर, काहीतरी. मग तिथून मोजत जायचं. बास्केटबॉलमध्ये न हललेलं काय? रिंगची उंची दहा फूट, ती तेव्हाही आणि आताही. फ्री थ्रोची रेघही तिथेच. समोर कोणी आडवा येत नाही, बूट लागत नाहीत, पळायचं नाही. काका आणि पोरगी, दोघांनी त्या रेघेवरून दहा-दहा चेंडू टाकावेत.

सगळ्यांना पटलं. मी मोठ्या रुबाबात पर्समधून स्टीलचा टेप काढला आणि म्हटलं, सुरुवातीला खूण तपासून घेऊ. कोचनं बाक ओढून आणला, वर चढला, टेपचं टोक रिंगला लावलं. मी खाली वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

“काय झालं ताई?”

“चार बोटं कमी आहे.”

दुसऱ्या बाजूची रिंग मोजली. तिथे तीन बोटं. मैदानावर मागे दोनदा सिमेंटचा थर दिला होता. जमीन वर आली आणि खांब होते तिथेच राहिले. कोणीच कधी मोजलं नव्हतं. कोचचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याची सगळी पोरं इथेच शिकून बाहेरगावी खेळायला जायची आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांचे चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागायचे. तो त्यांना मनावर ताबा ठेवा म्हणून भाषण द्यायचा.

काका तेवढ्यात शांतपणे म्हणाले, “आमच्या टायमाले उलटं होतं. इथं मुरूम होता. पावसाळ्यात वाहून जाये. दसऱ्यापर्यंत रिंग सहा बोटं वर गेलेली राहे.”

मग जे हसू सुटलं ते थांबेना. गुरुजींना ठसका लागला. माझी न हललेली खूण अशी वर-खाली होऊन बसली होती. ती पोरगी तर पायरीवर आडवीच झाली. आजवर तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

उपाय काकांनीच काढला. त्यांचं मूळ गाव बोरी अरब. तिथल्या शाळेत अजून मुरमाचंच मैदान होतं आणि त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बसवलेले दोन खांब. “चाला,” ते म्हणाले, “जुन्या पद्धतीनं खेळून पाहू. मंग भांडा.”

पुढच्या रविवारी आम्ही अकरा जण एका जीपमध्ये बसून निघालो. रस्त्यानं कापूस वेचणाऱ्या बाया मान वर करून आमच्या जीपबाहेर आलेल्या कोपरांकडे पाहत होत्या. काकांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत त्यांचा जुना चामड्याचा चेंडू, वादीनं तोंड बांधलेला. आतला ब्लॅडर त्यांनी कितव्यांदा तरी सायकलच्या पंक्चरचं ठिगळ लावून जिवंत ठेवला होता.

नियम ठरले. पायांत बूट नाहीत. तीन गुणांची रेघ नाही. चेंडू काकांचा. गुरुजींना जरा काळजी वाटली. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरीचे पाय सोलून निघतीन हो ताई. सिमेंटवरचे पाय थे. अन् पोरींचा चेंडू लहान राह्यते, हा तं मोठा आहे. उगाच हरन बिचारी.” म्हणजे जिंकायची खात्री झाल्यावर त्यांना आता तिची दया येत होती.

खेळ सुरू झाला. पहिला चेंडू कोचकडे गेला. त्यानं सवयीनं टप्पा मारला, चेंडू मुरमात धप्पकन पडला आणि गुडघ्याच्या वर काही आला नाही. कोच तसाच वाकलेला राहिला. त्याचे पाय खडे टोचून विचित्र पडत होते. बाकीच्यांचीही तीच गत. गावातली पोरं शाळेच्या भिंतीवर बसून आमची मजा पाहत होती.

आणि ती पोरगी? ती पळाली. मुरमावरून अशी पळाली की तिच्या पायाखाली गालिचा असावा. दोन मिनिटांत तिला कळलं की या चेंडूला टप्पा मारण्यात अर्थ नाही. ती तो सोबतच्यांच्या हातात देत, पुढे पळत, परत घेत राहिली. मोठा चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरून वळायची आणि रिंगखाली पोचलेली असायची. गुरुजी मैदानाच्या कडेनं धावू लागले. “असंच!” ते ओरडले. “काका असंच खेळत! सेम असंच!”

मधल्या सुट्टीत कोचनं तळपाय चोळत तिला विचारलं, “तू हे कुठं शिकली?”

“सर, मी दहावीपर्यंत बिनबुटाचीच खेळली ना,” ती म्हणाली. “आमच्या आश्रमशाळेत असंच मैदान होतं. चेंडूत हवाच नाई राहे, मंग आम्ही फेकाफेकीच करत होतो. बूट मले तुम्हीच देल्ले.”

आम्ही इतके रविवार ज्याला जुना काळ, जुना काळ म्हणत होतो, तो हिनं तीनच वर्षांपूर्वी मागे सोडला होता. इथून झरीपर्यंत जाऊन कोणी पाहिलंच नव्हतं.

मग काकांनी चप्पल काढली. पायजमा थोडा वर खोचला आणि रेघेवर उभे राहिले. दोन्ही हातांनी चेंडू गुडघ्यांच्या मधे नेला आणि खालून वर, बादलीतलं पाणी शिंपडावं तसा हलकेच सोडला. भिंतीवरची पोरं फिदीफिदी हसली. चेंडू वर गेला, गोल फिरत खाली आला आणि रिंगला न शिवता आत. हसू थांबलं. काकांनी दुसरा टाकला. तोही आत. तिसरा कडेवर नाचून बाहेर पडला, तेव्हा भिंतीवरून मोठा “अरेरे” आला. पोरं आता त्यांच्या बाजूची झाली होती.

पोरगी धावत पुढे आली. “आजोबा, मले शिकवा.”

मग पुढचा अर्धा तास सामना राहिला बाजूला. काका तिची मनगटं धरून दाखवत होते, “बोटं सैल सोड. जोर हाताचा नाई, गुडघ्याचा.” तिचा पहिला चेंडू शाळेच्या कौलावर गेला. पाचवा आत पडला तेव्हा काकांनी दोन्ही हात वर केले. स्वतःच्या चेंडूंसाठी त्यांनी एकदाही केले नव्हते.

शेवटी मलाही मैदानात ओढलं. मी चप्पल काढली. मुरूम ऊन होऊ लागला होता, खडे टोचत होते आणि गुडघा कुरकुरत होता. पोरीनं चेंडू माझ्याकडे फेकला आणि ओरडली, “ताई, टाका!” समोर कोच हात पसरून उभा. मी डाव्या हातानं खोटं खोटं दाखवलं, माझी मैत्रीण दाखवायची तसं. कोच खरंच डावीकडे गेला. मी उजवीकडून टाकला. आत पडला. मला किती आनंद झाला हे सांगायला लाज वाटते. मी मैदानभर पळत सुटले आणि एका अनोळखी आजीबाईंना मिठी मारून आले. त्या नातवाला जेवायला बोलवायला आल्या होत्या.

परतताना जीपमध्ये भांडण पुन्हा पेटलं, पण काहीतरी उलटंपालटं झालं होतं. गुरुजी तावातावानं म्हणत होते, “नाई, नाई. पोरगीच मोठी. दोन्ही मैदानावर खेळून दाखवलं तिनं. काकानं सिमेंट पाहिलं तरी काय?”

“असं कसं बोलता गुरुजी?” कोच त्यांच्यावर ओरडला. “त्या चेंडूनं खेळून पाहा, मंग कळन. काकासारखा मानूस झाला नाई अन् होनार बी नाई!”

ज्यांच्यावरून भांडण चाललं होतं त्यातली एक माझ्या खांद्यावर डोकं टाकून तोंड उघडं ठेवून गाढ झोपली होती. तिच्या तळपायांवर लाल मुरूम तसाच होता. दुसरे पुढच्या सीटवर ताठ बसून कान देऊन काहीतरी ऐकत होते. मला वाटलं, भांडण ऐकत असतील. तेवढ्यात ते ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, “तुह्या गाडीचा दुसरा गिअर घासून राह्यला, भाऊ. लोहाऱ्याच्या अलीकडं थांबव. मी पाह्यतो.”