नाथाजी कंपाउंडरच्या हाडातले गवंडी

नाथाजी कंपाउंडरचा माणसांवर राग नव्हता. माणसं पट्ट्या सोडून बघतात यावर होता. विट्याजवळच्या त्या गावात मोडलेलं हाड बांधून घरी पाठवलं की आठव्या दिवशी कुणीतरी शहाणा बांबूच्या कामट्या काढून "जुळलंय का" ते बघे, कुणी कोमट तेलानं चोळे, आणि मग हाड वाकडं जुळलं की नाथाजीच्या हाताला गुण नाही, असं पारावर एकमतानं ठरे.

पहिल्या महायुद्धात तो बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात पट्ट्या बांधायच्या कामावर होता. तिथल्या एका डॉक्टरानं त्याला सूक्ष्मदर्शकाखाली हाडाचा पापुद्रा दाखवला आणि नाथाजीचं सुख तिथंच संपलं. हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे, आत कामाची वर्दळ असते, हे त्याला कळलं. ते आणखी एकाला तरी कळावं म्हणून तो पंचवीस वर्षं घसा कोरडा करत होता.

चव्वेचाळीस सालच्या माघात शालूबाईचा धाकटा मुलगा आकाराम उसाच्या गाडीवरून पडला आणि त्याची नडगी मोडली. रजेवर आलेला शिपाई, पलटण ब्रह्मदेशात. नाथाजीनं कामट्या आवळल्या आणि नेहमीचं व्याख्यान काढलं.

"नीट ऐका. हाडात तीन जातीच्या पेशी असत्यात."

"आयला, हाडातबी जाती?" शेजारचा भाऊसो म्हणाला.

"तीन तऱ्हेच्या म्हण! पहिल्या गवंड्यावाणी. मोडल्या जागी मऊ चिखलाचा गारा भरत्यात, मग त्यात चुना धरतो. हाड हललं की गारा फुटला. दुसऱ्या म्हंजी, बांधता बांधता त्याच भिंतीत अडकलेले गवंडी."

"जित्ते चिणत्यात व्हय?"

"मरत न्हाईत रं! आत बसून बारीक धाग्यांनी एकमेकीला धरून ऱ्हात्यात, हाड जितं ठेवत्यात. तिसऱ्या मोडणाऱ्या. अंगानं थोराड. आंबट रस सोडून हाड विरघळवत्यात."

"मग त्येंच्यावर औषध द्या की कायतरी जालीम."

"आरं, त्या न्हाईत तर जुळलेल्या जागी गठुळं तसंच ऱ्हाईल! तासून हाड नीट करणाऱ्या त्याच. दोन्हीचा मेळ पायजे."

भाऊसोनं संध्याकाळी पारावर सांगितलं की आकारामच्या पायात भुतं हायत, आणि कंपाउंडर त्यांना मारू देत न्हाई.

शालूबाई मात्र मन लावून ऐकत होती. तिसऱ्या दिवशी ती एकटी दवाखान्यात आली.

"नाथाभाऊ, त्या मोडणाऱ्यांचा जोर कशानं वाढतो वो?"

पंचवीस वर्षांतला हा पहिला प्रश्न. नाथाजीला भरून आलं. त्यानं हातचं काम टाकून सगळं सांगितलं: पायावर भार नसला, पोटात अन्न नसलं, की मोडणाऱ्या शिरजोर होतात, आणि कामट्या सैल राहून हाड सारखं हललं, तर गवंड्यांचं बांधकाम धरतच नाही. बाई मान हलवत होती. असा विद्यार्थी मिळाल्याच्या आनंदात त्या दिवशी त्यानं दोन रोग्यांना शिव्यासुद्धा दिल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी तो पाय बघायला गेला. कामट्या सैल होत्या. गाठी त्याच्या नव्हत्या.

"कुणी सोडलं हे?"

आकाराम आढ्याकडं बघू लागला.

"मी," शालूबाई म्हणाली.

"आवं बाई, एवढं समजावून सांगितलं तुमाला!"

"म्हणूनच सोडलं."

"जन्माचा लंगडा हुईल त्यो!"

"हूं दे. लंगडा घरात तरी ऱ्हाईल. थोरला माझा सरळ पायाचा हुता."

थोरला लढाईत पडल्याची तार येऊन वर्ष झालं होतं. नाथाजीनं चरफडत पट्टी पुन्हा आवळली.

"तुझं काय म्हणणं हाय रं?" त्यानं आकारामला दरडावलं.

"मला इचारताय व्हय?" आकाराम म्हणाला. "पलटणीत भरती हुतानाबी कुणी इचारलं न्हवतं." मग म्हणाला, "पाय नीट बांधा. पर मला न्हाई जायचं."

अकराव्या आठवड्यात नडगी जुळली, अगदी सरसोट. नाथाजीच्या हातून इतकं देखणं काम पूर्वी झालं नव्हतं आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती. पलटणीचं पत्र आलं होतं: शिपाई चालता झाला का? आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर नाथाजीनं लिहिलेल्या कागदावर न वाचता सही करत. नाथाजी तासभर टाक चावत बसला. मग त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं की रोग्याच्या हाडातल्या बांधणाऱ्या पेशी अतिशय मंद असून मोडणाऱ्यांचा उपद्रव फार आहे. आणखी सहा महिने पायावर भार देता येणार नाही. पेशींविषयी त्यानं आयुष्यात कागदावर लिहिलेला हा एवढा एकच मजकूर, आणि त्यातला शब्द न् शब्द खोटा.

"घरात बसवा त्याला," त्यानं शालूबाईला बजावलं. "बाहेर दिसला तर मी गेलो, डॉक्टर गेले, आणि त्यो तर गेलाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचं दार उघडतो तो समोरून आकाराम दोन्ही खांद्यांवर भरल्या घागरी घेऊन ढांगा टाकत विहिरीवरून येत होता, आणि मागनं शालूबाई कौतुकानं बघत होती.

नाथाजीनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"आरं, निदान लंगड तरी, गाढवा!" तो ओरडला.