चंदगडहून निघालेली गरम पेज

सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि आप्पांच्या चमच्यातल्या पेजेतून वाफ येत होती. माझ्या प्रवासाचं कारण विचाराल तर ती वाफ.

आप्पा म्हणजे माझी मैत्रीण सुनीता हिचे वडील. सुनीता आणि मी कोल्हापुरात कॉलेजच्या होस्टेलवर तीन वर्षं एका खोलीत राहिलो. ती चंदगड तालुक्यातली, मी कबनूरची. फेब्रुवारीत आप्पांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. दुसरं व्हायचं होतं, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन वाढल्याशिवाय हात लावणार नाही. आणि आप्पा खायलाच तयार नव्हते. दवाखान्याचं जेवण बघूनच ते तोंड फिरवायचे. फक्त एक गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरायची, ती म्हणजे घरच्या तांदळाची पेज, तीही गरम. काकू, म्हणजे सुनीताची आई, पहाटे पेज करून डबा सातच्या एसटीनं पाठवायच्या. सुनीता पावणेअकराला कोल्हापूरच्या स्टँडवर तो उतरवून घ्यायची. दुपारी दीडच्या गाडीनं रिकामा डबा परत जायचा. आमच्या भागात गावाकडून शिकायला आलेल्या पोरांचे डबे असेच येतात, त्यामुळे त्यात नवल नव्हतं.

नवल वेगळंच होतं. मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलंय. आमच्या घरातली ही पहिली पदवी आणि अब्बांनी रात्रंदिवस यंत्रमाग चालवून ती मला मिळवून दिलीय, त्यामुळे मी ती जरा गंभीरपणे घेते. साधा स्टीलचा डबा, त्याला गोधडीचा तुकडा गुंडाळलेला. चार तासांनी पेज कोमट राहील फार तर. वाफ कशी येईल?

"आईची गोधडी भारी आहे," सुनीता म्हणाली.

"गोधडी कितीही भारी असली तरी नाही जमणार."

"मग जाऊन बघ. तसंही आई मागं लागलीय. फोनवर मी सांगते ते तिला पटत नाही. म्हणते, आप्पांना डोळ्यांनी बघितलेलं माणूस पाठव. मला इथून हलता येत नाही, आणि ती दोन म्हशी सोडून येऊ शकत नाही. दुसऱ्या कुणाच्या हाताला त्या दूध देत नाहीत."

असं माझं जाणं ठरलं.

शनिवार

कोल्हापूरहून चंदगडला थेट एसटी आहे. अंतर एकशेदहा-पंधरा किलोमीटर, वेळ पावणेचार तास धरा. महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे शंभराच्या आसपास काम भागतं. कागल, निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, गडहिंग्लज, नेसरी असा रस्ता. मधे थोडा वेळ गाडी कर्नाटकात जाते आणि दुकानांच्या पाट्या बदलतात. उजवीकडची खिडकी घेऊ नका, दुपारभर ऊन तिकडूनच येतं.

आप्पांचा रिकामा डबा माझ्या हातात होता. ओळखू यावा म्हणून त्याच्या पिशवीला जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली.

"डबा हिकडं द्या, बाई," कंडक्टर म्हणाले. "त्येची जागा ठरलीया." त्यांनी तो ड्रायव्हरच्या मागच्या हुकाला अडकवला.

"याचं किती घेता?"

"कशाचं?"

"डब्याचं."

ते ड्रायव्हरकडं वळले. "ऐकलं का? डब्याचं तिकीट फाडा म्हनत्यात पावणं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "त्यो आजारी माणसाचा डबा हाय. तुम्ही बसा की निवांत."

गडहिंग्लजला गाडी पंधरा मिनिटं थांबते. तिथं उतरून मी थेट स्वच्छतागृहाकडं गेले, कारण पुढं दीड तास सोय नाही. तुम्हीही तेच करा. चंदगडला सव्वापाचला पोचले. तिथून आठ किलोमीटर वडाप, म्हणजे भरली की सुटणारी जीप. जीपमध्ये चौदा माणसं आणि एक शिलाई मशीन होतं. मार्चचा महिना असल्यानं रस्त्याकडेच्या काजूबागांमधून पिकलेल्या बोंडांचा आंबूस गोड वास येत होता. कबनुरात वाढलेल्या मला, जिथं हवेत सुताची धूळ असते, तो वास एवढा नवा वाटला की मी जीपबाहेर डोकं काढलं आणि ड्रायव्हरची शिवी खाल्ली.

काकू दारातच उभ्या होत्या. पाणी दिलं, बस म्हणाल्या, आणि समोर मांडी घालून बसल्या. "सायरा, आता खरं सांग. बरं हायत, बरं हायत, हे सुनीनं सांगितलंय. तू मला दुसरं सांग. दाढी कोन करतंय?"

"शेजारच्या पेशंटचा भाऊ करतो. परवाच केली."

"झोपताना कुठल्या अंगावर झोपत्यात?"

मी आठवून म्हटलं, "डाव्या. खिडकीकडं तोंड करून."

"डॉक्टरवर वराडत्यात का?"

"वजन करायला आले की ओरडतात."

काकूंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "मग हाय जीव." त्या उठून चुलीकडं गेल्या.

जेवायला ओल्या काजूंची उसळ आणि तांदळाची भाकरी होती. चंदगडला गेलात तर ओले काजू मागून खा, कोरडे तर काय कुठंही मिळतात. जेवता जेवता मी माझा प्रश्न काढला. पेज गरम कशी राहते?

"गरम?" काकू थांबल्या. "सुनी तिकडं गरम करत आसंल की."

"ती नाही करत. तिला वाटतं तुमच्या गोधडीची करामत आहे."

"गोधडीची कसली करामत? फाटकी हाय ती." त्या हसल्या, पण मग त्यांनीही विचार केला. "मग कोन करतंय, गं?"

आम्ही दोघी भाकरी हातात धरून एकमेकींकडं बघत राहिलो.

रविवार

सकाळी साडेपाचला काकू पेज ढवळत होत्या. तांदूळ, पाणी, मीठ, शेवटी थोडं जिरं. साडेसहाला दूध संस्थेत किटल्या नेणारे शेजारी मोटरसायकल घेऊन दारात आले. महिनाभर डबा तेच स्टँडवर नेतात, चंदगडला त्यांचं काही काम नसताना. आज डब्यामागं मीही होते. किटल्या, मी, डबा. "आजचा माल जड हाय," ते म्हणाले.

इथं मी चूक केली. त्या वेळी ती चूक वाटली नाही, प्रेम वाटलं.

कंडक्टर कालचेच. गाडी रात्री चंदगडला मुक्कामी असते. त्यांनी डब्यासाठी हात पुढं केला. "आना, अडकवतो."

"नको. आज मी आहे ना. मांडीवर धरते, हिंदकळणार नाही."

"हुकाला बरा असतोय."

"मी नीट सांभाळते, काका."

ते खांदे उडवून पुढं गेले. मला वाटलं होतं, इतके दिवस हा डबा बिचारा हुकाला लोंबकळत गेला, आज तो माणसाच्या मांडीवर जाईल. शिवाय दर अर्ध्या तासाला हात लावून तो किती निवला हेही कळेल. नेसरीला चांगला गरम होता. गडहिंग्लज यायच्या आत बराच निवला. म्हणजे माझं भौतिकशास्त्र बरोबर होतं आणि कोडं तसंच होतं.

गडहिंग्लजला मी डबा छातीशी धरून खाली उतरले, स्वच्छतागृहाबाहेर रांगेत उभी राहिले, आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवल्यावर पळत येऊन बसले. गाडी स्टँडबाहेर पडली. कंडक्टर तिकिटं फाडत माझ्याजवळ आले.

"डबा घिऊन कुठं गेलता?"

"बाथरूमला. का?"

"ती चहावाली मावशी दोनदा गाडीत चढून बघून गेली की. हुकाला डबा न्हाय, सीटवर न्हाय. मला म्हनली, कुनी नेला? मी म्हटलं पावणं आल्यात त्यांच्याजवळ हाय. तुम्ही कुठं दिसंना."

"कोण मावशी? तिला डबा कशाला हवा होता?"

"गरम कराया."

ते शेजारच्या रिकाम्या सीटवर टेकले आणि सांगू लागले. स्टँडवर त्या बाईंची चहाची टपरी. महिन्यामागं त्यांनी सहज विचारलं होतं, हा रोजचा डबा कुणाचा. आजारी माणसाची पेज म्हटल्यावर त्या कंडक्टरवरच ओरडल्या होत्या, "गार पेज आजारी माणसाला देत्यात व्हय रे?" तेव्हापासून गाडी लागली की त्या हुकावरचा डबा काढतात, चहाच्या पातेल्याशेजारी उकळतं पाणी ठेवलेलं असतं त्यात झाकणासकट बसवतात, दहा-बारा मिनिटांनी पुसून, गोधडीत गुंडाळून परत हुकाला लावतात.

"तुम्ही सुनीताला सांगितलं नाही कधी?"

"त्यात सांगायचं काय?" त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. "दुपारच्या गाडीला बी येती मावशी. रिकामा डबा हलवून बघती. हलका लागला की म्हनती, खाल्लंय म्हाताऱ्यानं. कधी थोडी पेज परत आली की त्या दिशी कुनाशी धड बोलत न्हाय."

"गाडी मागं घेता येईल?"

"बाई, यष्टी हाय ही."

तवंदी घाट उतरताना मांडीवरचा डबा नुसता कोमट राहिला होता. इतक्या माणसांनी महिनाभर न बोलता चालवलेलं काम, आणि ते मोडलं कुणी, तर सगळ्यात जास्त काळजी घ्यायला निघालेल्या मीच.

कोल्हापुरात दवाखान्याबाहेरच्या एका गाड्यावर मी पेज गरम करून घेतली. गाडेवाल्यानं ती सरळ मोठ्या आचेवर पातेल्यात ओतली. तळाला लागली, आणि त्यानं ती खरवडून सगळी परत डब्यात भरली. सुनीतानं आप्पांना पहिला चमचा दिला आणि त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं.

"आज कुनी गरम केली?"

सुनीतानं माझ्याकडं बघितलं.

"करपलीया. न्ह्या." त्यांनी मान खिडकीकडं वळवली. दुसऱ्या दिवशी वजन व्हायचं होतं. सुनीताचा हात चमच्यासकट तसाच राहिला.

मग मी सगळं सांगितलं. हुक, मावशी, उकळतं पाणी, माझी मांडी. सांगताना मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. आप्पा खिडकीकडंच बघत ऐकत होते. रिकामा डबा हलवून बघतात हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान वळवली.

"दुपारच्या गाडीला?"

"हो."

"आजबी बघनार?"

"बघणारच की. सकाळी डबा सापडला नाही, म्हणजे आज जास्तच बघतील."

आप्पा उशीवर कोपर टेकवून जरा वर सरकले. "आन हिकडं. करपली तर करपली."

त्यांनी डबा संपवला. मधे दोनदा थांबले, घाम पुसला, मला म्हणाले, "पोरी, फुडल्या टायमाला डबा हुकाला लाव," आणि परत खाल्लं. तळाची करपलेली खरवडसुद्धा सोडली नाही. दीडच्या गाडीला मी स्वतः तो रिकामा डबा कंडक्टरच्या हातात दिला. त्यांनी सवयीनं हलवून बघितला आणि मान डोलावली.

कबनूर

घरी आल्यावर मी हे अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, मग त्या बाईचं नाव काय? ते मी विचारलंच नव्हतं. तुम्ही हा रस्ता केलात तर गडहिंग्लजला चहा नक्की घ्या, पण कुणाकडं हे मी सांगणार नाही. खरं तर सांगता येणार नाही.

आपल्या भोवती काय चाललंय हे शोधत फिरायची मला हौस आहे. आजवर वाटायचं की चांगुलपणा दिसत नाही, म्हणजे तो कमी असणार. आता तसं ठामपणे म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. मदत करायला निघताना आधीपासून कोण काय करतंय हे विचारायची मला सवय नव्हती. शिकलेल्या माणसाला वाटतं, आपण पोचलो की काम सुरू होतं.

आप्पांचं दुसरं ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी सुनीताचा फोन आला. आमच्या गल्लीत यंत्रमागांच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून मी मोठ्या रस्त्यावर पळाले.

आप्पांना त्या दिवशी घरी सोडलं होतं. साहजिकच सकाळी काकूंनी डबा दिला नाही. आणि नेमका कंडक्टर बदलीचा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. दीडच्या गाडीनं बापलेक निघाले. गडहिंग्लजला आप्पा म्हणाले, मला उतरव. सुनीतानं त्यांना धरून, डबा गरम करणाऱ्या मावशी कुठल्या असं विचारत टपरीशी नेलं. मावशी पाठमोऱ्या होत्या.

"मावशी, हिरव्या चिंधीचा डबा," सुनीता म्हणाली.

मावशी वळल्याच नाहीत. "नगं सांगूस, बाई. सकाळी हुक रिकामा बघितला मी. गेला न्हवं म्हातारा?"

"गेलो न्हाय, आलोय," आप्पा म्हणाले. "आन म्हातारा कुठला? पंचावन्न हाय मी."

मावशींनी वळून त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग सकाळी डबा नाही हे कळवायची अक्कल कुणाला नव्हती का, म्हणून दोघांनाही भरपूर झापलं. सुनीतानं नाव विचारलं तर म्हणाल्या, नाव काय करायचंय, गाडी सुटंल, बसा आधी. आप्पा बाकावर बसले. मावशींनी कप पुढं केला आणि हात मागं घेतला.

"चहा चालतोय का डॉक्टरला?" त्यांनी सुनीताला विचारलं.

सुनीता म्हणाली, अर्धा कप चालेल.

मावशींनी अर्धा ओतून काढला आणि मगच कप आप्पांच्या हातात दिला.