शेवंताचे मोजे

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. शेवंताच्या तमाशाच्या फडातली मुलगी बोलत होती. "अक्का, बाई गेल्या. सकाळी चहाचा कप हातात होता..." मी फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडली. सुनेनं विचारलं, "कोणाचा फोन, आई?" म्हटलं, "माझी बहीण गेली." "अरे देवा! अंगणवाडीवाल्या मावशी?" मी हो म्हणाले. मेल्यावरही मी तिला अंगणवाडीतच ठेवलं.

शेवंता माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. सोळाव्या वर्षी फडाबरोबर गेली, आणि बाबांनी घरात तिचं नाव बंद केलं. तोवर मी फौजीशी लग्न करून दिल्लीला छावणीत आले होते. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण तिला चोरून पत्रं लिहायचे. एवढं चांगलं वागले ते आधी सांगून टाकते. पुढचं चांगलं नाही.

यजमान वारल्यावर ती वर्षातून एकदा आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटवर येऊ लागली. घरात आणि सोसायटीत मी सांगून ठेवलं होतं, ती गावाकडे अंगणवाडीत आहे. इतकी वर्षं जड चाळ बांधून तिच्या दोन्ही घोट्यांवर काळे, जाड घट्टे पडले होते. बघणाऱ्याला लगेच कळणार, असं मला वाटे. पहिल्याच दिवशी मी मुलाचे तपकिरी मोजे तिच्यापुढे टाकले. "मे महिन्यात मोजे, अक्का?" "शेजारच्या बायका येतात-जातात." ती हसली. "बरं बाई. आता दिसते का अंगणवाडीतली?" पुढे दर वेळी येताना ती लिफ्टमध्येच मोजे चढवून मग बेल वाजवायची. मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

एकदा ती परदेशात नाचून आली. बाल्कनीत बसून सांगत होती, "कार्यक्रमानंतर एक गोरी म्हातारी आत आली. चक्क खाली बसली, अक्का. घोट्यांना हात लावला आणि विचारलं, हे व्हायला किती वर्षं लागली?" मी म्हटलं, "तिकडे पाहुणी म्हणून कौतुक. सून करून घेतील का ते बघ." ती म्हणाली, "इथल्यांनी तरी कुठे करून घेतली?"

मग एका वर्षी सोसायटीच्या गणपतीत बायकांची लावणी बसत होती. शिकवायला गुरुग्रामहून एक मॅम यायची. तिला केवढा मान! ज्या नाचापायी शेवंता घराबाहेर गेली, तोच नाच माझी सून हॉलमध्ये शिकत होती आणि मुलगा व्हिडिओ काढत होता. बायकांना गिरकी जमेना. "अरे यार, फिर से!" चाललं होतं. शेवंता माझ्याशेजारी खुर्चीत, आणि मोज्यातला तिचा उजवा पाय चालू. सून धापा टाकत आली. "मावशी, तुमचा पाय बिल्कुल तालावर पडतोय. येतं की काय तुम्हाला?" शेवंतानं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणायचाच अवकाश होता. मी म्हणाले, "तिला काय येणार? पोरांना खिचडी वाढण्यात जन्म गेला." बायका हसल्या. तीही हसली, "हो ना," म्हणाली. पाय थांबला.

घरी आल्यावर एवढंच बोलली, "ती मॅम गिरकी चुकीच्या पायावर घ्यायला लावते. सुनेचा गुडघा जाईल. सांग तिला." मी सांगितलं नाही. तुम्हाला कसं कळलं, असं तिनं विचारलं असतं. पुढच्या वर्षापासून शेवंता आली नाही. तब्येतीचं कारण द्यायची, आणि मीही ये म्हणाले नाही.

सुनेचा गुडघा अजून दुखतो.

गेल्या आठवड्यात तिला समोर बसवून सगळं सांगितलं. सोसायटीतल्या ज्या बायकांना मराठी येतं त्याही आता हे वाचतील, वाचू देत. सून गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, निदान मला तरी सांगायचं..."

मोजे चपलांच्या कपाटात आहेत, शेवंतानंच शेवटच्या खेपेला जाताना घडी घालून ठेवलेले. डावा अजून धड आहे. उजवा चवड्यापाशी पार विरलाय.