आमचं गाव मोठ्या गटात गेलं तेव्हा

पोरी, जरा जवळ सरक. हे लिहिलेलं आहे म्हणून काय झालं, आजी बोलून राह्यली असं समज अन् कान इकडं कर. आधी दोन शब्द रागाचे ऐकून घे. संक्रांत गेली, होळी गेली, तू काही फिरकली नाहीस. फोनवर म्हणतेस, "आजी, जवळच तर आहे, केव्हाही येईन." या 'केव्हाही'शी माझं जुनं वैर आहे. ते कसं जडलं तेच सांगते.

मागच्या खेपेला तू सांगत होतीस की तुमच्या कॉलेजांचे खेळाचे गट मोडून नवे पाडणार आहेत. ज्यांच्या मागं पैसा, ती कॉलेजं एका गटात अन् बाकीची उरलेल्यात. मी नुसतं हं हं केलं, तर तुला वाटलं आजीला यातलं काही कळत नाही. अगं, हे सगळं मी पाहून बसले आहे. तेव्हा महाराष्ट्र नवा नवा झाला होता अन् मीही सासरी नवीच होते.

माझं सासर बुलढाण्याकडं धाड गावाच्या बाजूला, अन् माहेर तिथून दोन कोसांवर, नाल्याच्या पल्याड. माहेर इतकं जवळ कोणाच्या नशिबी येऊ नये. लांबच्या सुनांना न्यायला भाऊ यायचा, गाडी सजायची, महिना महिना राहून यायच्या. माझ्या बाबतीत सगळे म्हणायचे, इतकं जवळ तर आहे, केव्हाही जाशील. केव्हाही म्हणजे कधीच नाही, हे मला पहिल्या सालातच कळलं.

मला माहेर मिळायचं ते कबड्डीमुळं. आमच्या भागात आठ गावं खेळायची. गट पाडायला कागद लागत नव्हता. शिवाराला शिवार लागलं की सामना. म्हणून माझं सासर अन् माहेर दर साली भिडायची, एक साल इकडं, एक साल तिकडं. सामना झाला की रोडग्याचं जेवण. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, मुठीनं फोडायचे, वरून तूप, जोडीला वांग्याची भाजी. भाजी यजमान गावाची, पण कणीक ज्यानं त्यानं आपल्या घरची आणायची. परक्याचं अन्न पोटात गेलं की दम जातो, भाजी त्यात मोजायची नाही, अशी म्हाताऱ्यांची समजूत होती. खेळायच्या आधी तर कोणी पाण्यालाही शिवायचं नाही. आता कणीक आली म्हणजे मळणारीही आली. सामना तिकडं असला की मी कणकेसोबत जायची, इकडं असला की माझी माय कणीक घेऊन यायची. वर्षाची एक भेट पक्की. आमचे हे पलीकडच्या अंगणात दम धरून पळत असायचे, त्यांना पकडायला माझा भाऊच उभा, अन् मी मायजवळ बसून दोघांच्याही नावानं रोडगे भाजायची.

मग एका साली तालुक्याच्या गावचे, कापसाची सरकी काढायची जिन चालवणारे एक शेटजी मधे आले. त्यांनी चांदीची ढाल देऊ केली, रंगीत बनियन देऊ केले, कॅनव्हासचे बूट देऊ केले. फक्त गट नव्यानं पाडायचे. सडकेवरची गावं मोठ्या गटात, त्यांचे सामने जिनच्या आवारात. आडवळणाची गावं लहान गटात, त्यांनी आपापलं खेळावं. सडकेवरूनच कापसाच्या गाड्या जिनला जायच्या, हे सगळ्यांना दिसत होतं. पण बूटही दिसत होते.

बैठक आमच्याच अंगणात झाली, कारण माझे सासरे आमच्या गावाच्या संघाचे मुखत्यार. शेटजींचे मुनीमजी कागद घेऊन आले होते. मी दाराआड चहा गाळत होते.

मुनीमजी म्हणाले, "तुमच्या गावाले सडक नाही."

सासरे म्हणाले, "नसन. पण येष्टी येते."

माझ्या माहेरचे पाटील समोरच बसले होते. ते म्हणाले, "कधी बे? मागच्या पाण्यात पूल वाहून गेला अन् वाट चुकून आली ते?"

"आली का नाही आली, तेवढं सांग."

तिसऱ्या गावचा एक म्हातारा म्हणाला, "मंग आमचा हक्क मोठा. आमच्या गावात ते दोन दिवस मुक्कामाले होती. रुतली होती."

मुनीमजींनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात सासरे हळूच बोलले, "औंदा आमचा सगळा कापूस तुमच्याच जिनले घालतो." अन् काय सांगू, कागदावर तिथल्या तिथं आमच्या गावाला सडक लागली.

माहेरच्या पाटलांनी कापसाचा शब्द दिला नाही. "आमचे पोट्टे अनवाणीच बरे," म्हणून उठून गेले. नाला होता तिथंच होता, पण आता एका काठावर मोठा गट अन् दुसऱ्या काठावर लहान.

मी कपबशा उचलता उचलता सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, मंग पल्याडचा सामना?"

"बंद."

"अन् रोडगे?"

"शेटजी जेवू घालून राह्यले ना. जिलबी हाय म्हणे."

"मंग मी मायले कधी भेटू?"

"अवं, दोन कोस तर हाय. केव्हाही जाय."

चुलीत लाकूड घातलं अन् धूर डोळ्यात गेला असं सांगून मी मागच्या दारी जाऊन बसले.

मोठ्या गटाचा पहिला सामना, अन् ढालही त्याच्यावरच, देऊळगाव राजाच्याही पल्याडच्या एका गावाशी पडला. ना ओळख ना पाळख. जिनच्या आवारात काय घडलं ते मला आमच्या ह्यांच्याकडून कळलं, तेही चार दिवस त्यांच्या ताटात वांगं वाढून एकेक गोष्ट काढून घेतली तेव्हा.

फोटो काढणारा उशिरा येणार होता, म्हणून शेटजींनी जेवणं आधी उरकायची ठरवली. आमच्या लोकांनी सासऱ्यांकडं पाहिलं. सासऱ्यांनी जिलबीकडं पाहिलं. खेळाआधी पाण्यालाही शिवायचं नाही हे सगळ्या पोरांना त्यांनीच शिकवलेलं. पण शेटजी स्वतः वाढत होते, अन् वाढलेल्या पानाला नाही म्हणणं आमच्या गावात कोणाला येतच नव्हतं. पुऱ्या झाल्या, मसालेभात झाला, मग जिलबीचा आग्रह सुरू झाला अन् त्याच्यात आमच्यातच पैजा लागल्या. समोरचा संघ हात जोडून म्हणाला, "आमचा आज उपास आहे." सात जणांचा एकाच दिवशी उपास कसा, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. उलट बिचाऱ्यांच्या वाटची जिलबीही आमच्यांनीच संपवली.

मग बूट घालून मैदानात उतरले. बूट घालताना वाकवेना, म्हणून एकमेकांनी एकमेकांचे बांधले. आमचे हे पहिल्या चढाईला गेले. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, कब, अन् मधेच एक लांब ढेकर.

पंच म्हणाले, "बाद. दम सुटला."

सासरे धोतर सावरत मैदानात. "सुटला कुठी? दम वर आला. सुटणं वेगळं, वर येणं वेगळं."

"मधे आवाज थांबला."

"थांबला कसा, उलट वाढला. नियमात ढेकर लिहिलेला हाय का, दाखवा."

पंचांनी नियमाची वही चाळली. ढेकर कुठंच नव्हता. तेवढ्यात मुनीमजी पंचांच्या कानाशी लागले, "ढेकर शेटजींच्या जेवणाचा हाय. त्याले बाद म्हणलं तर बरं दिसन का?" शेटजी समोर खुर्चीवर बसलेले. पंच घामाघूम झाले. शेवटी निकाल असा लागला, की माणशी एक ढेकर माफ.

आमच्यांनी माफीतले ढेकर पहिल्या पाच मिनिटांत संपवले.

पुढचं सांगत नाही. ढाल देऊळगावच्या वाटेनं गेली. आमची गाडी गावात शिरली तेव्हा बूट सगळ्यांच्या गळ्यात होते. सासूबाईंनी सासऱ्यांच्या हातावर ओवा ठेवला अन् एवढंच म्हणाल्या, "परक्याचं अन्न."

आठ दिवसांनी सासरे ओसरीवर बसून, माझ्याकडं न पाहता बोलले, "आपला जुना गटच बरा होता. पल्याड निरोप धाडा लागन. पण मी कोण्या तोंडानं जाऊ? सूनबाईले धाडा. माहेर हाय तिचं."

मी गाडीत बसले तेव्हा नाल्याला पाणी नव्हतं, तरी मला वाटे गाडी तरंगून राह्यली.

भाऊ अंगणातच भेटला. त्यांच्या संघाचा तोच म्होरक्या. निरोप ऐकून म्हणाला, "आम्ही लहान गटातले, बाई. मोठ्याइच्या बरोबरीनं कसे खेळू? पयले ढेकर थांबले का ते सांग."

मी त्याला बाजूला घेतलं. "दादा, खेळाले हो म्हणशील. पण आज नको म्हणू."

"काऊन?"

"आज हो म्हणलं तर माहं काम संपलं. नाही म्हणलं तर मले परत यावं लागन."

माय चुलीपाशी होती. ती इतकी हसली की तवा तापून भाकर करपली. मग तिनंच अटी रचून दिल्या, अन् एका वेळी एकच सांगायची असं ठरवलं. पहिल्या खेपेला, सामना अनवाणी व्हावा. सासऱ्यांनी लगेच मान्य केलं. दुसऱ्या खेपेला, कणीक ज्याची त्याची, जिलबीचं नाव काढायचं नाही. तेही मान्य. तिसऱ्या खेपेला, ढेकर आला तर माणूस बाद, हे तुमच्या मुखत्यारांनी चार लोकांत म्हणावं. दर खेपेला मी दोन रात्री राहून यायची. लग्नानंतर इतकं माहेर मला कधी मिळालं नव्हतं.

तिसरी अट ऐकून सासऱ्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "सूनबाई, तुह्या माहेरचे लोक हुशार, पण त्याईले एका वेळी एकच गोष्ट आठवते वाटते."

मी पदर आणखी पुढं ओढला.

"ढेकर बाद. सांगतो मी चार लोकांत. अन् आणखी एखादी अट राह्यली असन तर जाऊन विचारून ये. आताच गाडी जुंपतो."

तर पोरी, अशी मी चौथ्यांदा गेले. सामना पुढं चैताच्या उन्हात झाला, अनवाणी, अन् पाय भाजत असल्यामुळं दोन्हीकडचे पोट्टे कधी नव्हे ते चपळ खेळले. कोण जिंकलं ते विचारू नको, मी मायच्या शेजारी बसून रोडगे उलथत होते.

तुला यायला ना सामना लागत, ना अट, ना कोणाची बैलगाडी. बुलढाण्याहून गाडी आहे, अन् आता ती वाट न चुकता येते. तेव्हा केव्हाही येईन म्हणू नको. वार सांग. वांगी झाडाला लागली आहेत, कणीक माझ्या घरची. येताना पोट रिकामं आण, अन् लवकर ये.