पोट चाचपणारे पाहुणे

तुमच्या शेजाऱ्यांचं यकृत बदललं तरी पाणथरी फुगलेलीच राहिली, पोटाला धक्का लागू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं, हे तुम्ही कळवलंत. पाणथरी म्हणजे डाव्या बरगडीखालची प्लीहा. ते ऐकलं आणि आमच्या घरातला एक किळसवाणा प्रकार आठवला.

एकोणीसशे साठच्या सुमाराची गोष्ट. यकृत बदलणं तेव्हा आमच्या बंगळूरमध्ये कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझ्या धाकट्या दिरांचं यकृत निबर झालं होतं, पाणथरी बेंबीपर्यंत उतरली होती, रक्ताच्या उलट्याही होऊन गेल्या होत्या. सर्जननी ती काढायचं ठरवलं. तोवर घरी पडून राहायचं. "पोट कुणी दाबायचं नाही. फुटली तर माणूस जाईल," असं त्यांनी मला इंग्रजीतून बजावलं.

पण आमच्या लोकांत आजाऱ्याला बघायचं म्हणजे हात लावून बघायचं. कॉफी-चिवडा झाला की हात धोतराला पुसून पाहुणे भावजींचा सदरा वर करत.

"बरगडीखाली चार बोटं आहे."

"चार कुठली? कच्च्या फणसासारखी लागतेय!"

वर हसणं. मी मनाई सांगितली, तर सासूबाई म्हणाल्या, "मायेनं बघतात गं. आलेल्याला नाही कसं म्हणायचं?" पाहुणे गेले की मी गरम पाण्यानं ते पोट पुसून काढी. तेल, हळद, पानाचा चुना, काय काय निघे! मला शिसारी येई. भावजी भिंतीकडे बघत राहत.

एके दिवशी सासूबाईंचे भाऊ आले. चिकपेटेत त्यांचं कापडाचं दुकान. त्यांना सगळे अण्णा म्हणत. बोटं तपकिरीनं माखलेली. मी आडवी आले.

"स्वल्प सरक," अण्णा म्हणाले. "अक्का, तुझ्या शिकलेल्या सुनेला आमचे हात म्हणजे मुसळं वाटतात!"

आणि दोन्ही तळव्यांनी, कणीक तिंबावी तसं त्यांनी दाबलं.

भावजी ओरडले नाहीत. ओठ पांढरे पडले. "वहिनी, डावा खांदा दुखतोय," एवढंच म्हणाले आणि घामानं निथळू लागले. समोरच्यांच्या मोटारीतून आम्ही त्यांना इस्पितळात नेलं. पाणथरी फुटून पोटात रक्त साचलं होतं; खांदा दुखला तो त्यामुळेच. लगेच ऑपरेशन झालं, पाणथरी काढली, आणि ते वाचले.

चार दिवसांनी अण्णा वॉर्डात आले. "मी दाबलं म्हणून वेळेवर कळलं, अक्का!"

"सरी बाबा, खरंय तुझं," म्हणत सासूबाईंनी त्यांना थर्मासमधली कॉफी ओतून दिली.

"काढलेली पाणथरी दाखवतात का रे? बघू, पोट बसलं का," म्हणत अण्णांनी पांघरुणाखाली हात घातला. भावजींनी तो मनगटाला धरून बाहेर काढला. अंगात त्राण नव्हतं, तरी काढला.

आमच्याकडे पुरुषांनी पंक्तीला उघड्या अंगानं बसायचा दंडक होता. बरे झाल्यावर भावजी पंक्तीला कधी बसलेच नाहीत. सदऱ्याची सगळी बटणं लावून ते स्वयंपाकघरात आम्हा बायकांबरोबर जेवत. सासूबाई कुरकुरत. मी भावजींचं पान आधी वाढत असे.